एका खान्यात दोन नावं

१२ सप्टेंबर

वही सुकेशनीची, अक्षर सुकेशनीचं आणि बोलणं माझं. पुढं भांडण नको म्हणून वाटणी आधीच करून ठेवली. मला लिहिता येत नाही. अंगठा मात्र असा उमटवते की बँकेतला पोरगा म्हणतो, आजी, इतका साफ अंगठा आख्ख्या ताडकळसात नाही.

नातीला पूर्णेच्या एका संस्थेनं काम दिलंय, आणि रोज काय केलं ते लिहायला ही वही दिलीय. दोन दिवस लिहून ती कंटाळली. म्हणलं, कोरी पानं वाया जातील, मी बोलते, तू लिही. तर मला विचारते, "आज्जी, तुझी बोली लिहू का शुद्ध लिहू?" म्हणलं, लोकांचं बोलणं हाय तसं ठेव, माझं तेवढं केस विंचरून बसव.

काम असं आहे. आमच्या गावातून आणि शेजारच्या तीन गावांतून दिवाळीच्या पुढंमागं टोळ्या ऊस तोडायला निघतात, सांगलीकडं, काही कर्नाटकात. पाच-सहा महिने. पोरगी मागं राहिली तर शाळेत, संगं गेली तर उसाच्या फडात. संस्थेनं यंदा पोरींसाठी पूर्णेत राहायची सोय केलीय, चाळीस जागा. आई नाहीतर बाप टोळीच्या यादीत असला पाहिजे. ती यादी सुकेशनीनं करायची.

एकशे चौदा कोयते झाले. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. माणूस तोडतो, बाई मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, आणि मोजताना दोघं मिळून एक. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात आणि मुकादम त्याच्याकडं अर्ध्याच डोळ्यानं बघतो. मी सव्वीस हंगाम एका कोयत्यातली अर्धी होते. दुसरे अर्धे आमचे हे, किशनराव, सहा वर्षांमागं गेले. तेव्हापासून मला कोणी मोजत नाही, ते बरंच आहे.

सुकेशनी आधी उसन्या लॅपटॉपवर दोघांना दोन खाने करत होती. मीच म्हणलं, "असं न्हाई. एका कोपीत दोघं राहतेत, तसं एकाच खान्यात दोघांचं नाव घाल." तिनं तसाच खाना केला. त्यात टिचकी मारली की नवऱ्याच्या नावाला खूण होते, दुसरी मारली की बायकोच्या. मला लय आवडलं. घरोघर फिरून कागदावर उतरवलेली सगळी नावं तिनं त्यात चढवली.

दुपारी छबूबाई आली. मागच्या गल्लीतली. तिनं फडावर माझ्या शेजारी बारा हंगाम पाचटाची कोपी घातली. नवरा वैजीनाथ आषाढात काविळीनं गेला. "त्याचं नाव राहू दे खान्यात," म्हणाली. "जोडीनं लिवलेलं काढवत न्हाई." सुकेशनीनं राहू दिलं. वैजीनाथ, छबूबाई.

मग उठता उठता म्हणाली, "मालनमावशी, पंकजाचं तेवढं बगा. तिला जागा भेटली तर मी अर्धा कोयता म्हणून कसाबी हंगाम काढते. न्हाई भेटली तर तिलाच जोडीला घ्यावं लागंल."

पंकजा तिची लेक, आठवीत. गणिताला सर तिला फळ्यापाशी उभं करतात आणि स्वतः खुर्चीवर बसतात.

म्हणलं, "जा निवांत. नात माझी हाय."

१५ सप्टेंबर

पूर्णेला जाऊन आलो. मी कशाला गेले असं सुकेशनीनं तीनदा विचारलं. बसमध्ये तिकीट अर्ध्यात निघतं म्हणून गेले.

संस्थेच्या ऑफिसात आबासाहेब नावाचे गृहस्थ बसतात. त्यांच्यापुढं कुणीतरी दान दिलेला जुना कॉम्प्युटर. त्याच्यावर टॉवेल पांघरलेला, लेकराला ताप आल्यावर पांघरतात तसा. सुकेशनीनं बोटाएवढी काडी त्यात खुपसली. यादी काही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली. सुकेशनी म्हणाली, ही फाईल कोणती ते ह्याला ओळखता येत नाही.

म्हणलं, नवल आहे. मला तर आजवर जो भेटला त्यानं आडनावावरूनच ओळखलं.

आबासाहेब हसले नाहीत. म्हणाले, "तुमची फाईल नव्या सॉफ्टवेअरमधली हाय, बाई. आमचं लय जुनं. ह्याच्यात नवं टाकाया गेलो तर हा गपकन बसतोय. तुमीच जुन्या पद्धतीत करून आणा. एकवीस तारखेपर्यंत. बावीसला जागा वाटायच्यात."

परत येताना सुकेशनी खिडकीकडं तोंड करून बसली. म्हणलं, नव्याचं जुनं करायचं ना? त्यात काय एवढं. माझ्याकडं बघ, आपोआप झालं.

१७ सप्टेंबर

शाळेत मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं आणि नागेश आला. नागेश चुडाव्याचा, सुकेशनीच्या संगं परभणीला कॉम्प्युटरच्या क्लासला होता. लॅपटॉप त्याचाच. यादी त्याच्यावरच केलेली. त्याला पुण्याला नोकरी लागलीय, एकवीसला लॅपटॉप घेऊन तो चालला. पोरगा वाईट नाही. पण चहा तीनदा घेतो, आणि तिसऱ्या वेळी साखर किती म्हणून सुकेशनीला विचारावं लागत नाही, ह्याच्याकडं माझं लक्ष आहे.

(नागेशचं लग्न ठरलंय, परभणीच्या मुलीशी. पत्रिका आठ दिवस झाले आपल्याच कोनाड्यात पडलीय. हे मी आज्जीला वाचून दाखवणार नाही. हिच्या संशयाची मला गंमत वाटते.)

ती मध्ये काय लिहीत होती विचारलं तर म्हणाली, वेलांटी दुरुस्त केली.

दोघांनी दुपारभर त्या यंत्राची मनधरणी केली. ते म्हणतंय, जुन्या पद्धतीत ठेवता येत नाही, ह्यात जुन्याला न समजणारं काहीतरी आहे. काय आहे ते मात्र सांगत नाही. घरात तोंड फुगवून बसायचं आणि विचारलं तर "काही न्हाई" म्हणायचं. मी वीस वर्षं सासू होते, मला ते वागणं ओळखीचं वाटलं.

मग एकेक काढून बघायचं ठरलं. आधी फोटो. प्रत्येक कोयत्याच्या खान्यात सुकेशनीनं फोटो चिकटवले होते, ते काढले. तरी नाही म्हणालं. मग वयाचा खाना. जन्मसाल टाकलं की तो आपलं आपण वय काढायचा. गंमत म्हणून माझं साल टाकलं तर त्र्याहत्तर काढलं, मी म्हणलं हा खाना आधी काढा, उद्धट आहे. काढला. तरी नाहीच म्हणालं.

नागेश म्हणाला, "आजी, अजून एक गोष्ट हाय ह्याच्यात, जुन्याला न समजणारी. शोधतो परवा."

परवा म्हणजे आणखी एक दिवस. तीन चहा.

१९ सप्टेंबर

सापडलं. जुन्याला न समजणारी गोष्ट म्हणजे तो माझा खाना. एका खान्यात दोन नावं.

सुकेशनीनं मला समजावून सांगितलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एका खान्यात दोन माणसं मावतात. जुन्याच्या खान्यात एकच. त्यामुळं तो खाना आहे तोवर यादी जुन्यात जाणार नाही.

"मग?"

"मग दोघांच्या दोन येगळ्या ओळी करायच्या, आज्जी. एकशे चौदाच्या दोनशे अठ्ठावीस. कोयत्याचा नंबर दोघांना तोच द्यायचा, म्हंजे जोडी तुटत न्हाई. पण हातानं करावं लागंल. दोन दिवस जातील. न्हाईतर मग एकच नाव ठेवायचं. ते दहा मिनिटांचं काम हाय. कोणाचं ठेवू?"

नागेश भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "मी थांबतो की. एकवीसला सकाळी निघायचंय, तवर हायच इथं."

हे ऐकलं आणि माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते, कारण वही खोटं बोलायला नाही. दोन दिवस अजून हा पोरगा माझ्या ओसरीत बसणार. गल्ली बघणार. सुकेशनीचं नाव निघणार.

म्हणलं, "माणसाचं ठेव. कोयता म्हणलं की बाई आलीच. ते कुणाला सांगावं लागतंय का?"

सुकेशनी माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं एका झटक्यात सगळ्यांचं केलं. बायकांची नावं गेली, खाना गेला, माणसांचं एकेक नाव राहिलं. यंत्र मऊ झालं. जुन्या पद्धतीची फाईल तयार.

नागेशला मी चौथा चहा स्वतः करून दिला. आनंदाचा.

२० सप्टेंबर

आबासाहेबांच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. भराभर नावं दिसली. ते खुर्चीतून उठलेच. "पोरगी हुशार हाय हो तुमची," म्हणाले. म्हणलं, आमच्याकडचीच आहे. बसस्टँडवर दोघींनी जिलेबी खाल्ली.

घरी आल्यावर आंघोळीचं पाणी तापवायला कागद लागत होता. नावांचे ते सुटे कागद पडले होते. सुकेशनी म्हणाली होती की आता त्यांचं काम नाही. चुलीत घातले. कागद चांगला होता, लगेच पेटला.

४ ऑक्टोबर

दसऱ्याला विहारात धम्मदिनाचा कार्यक्रम झाला, पाय दुखत होते, दोन दिवस लिहवलं नाही. म्हणजे बोलवलं नाही.

बावीसला वाटायच्या जागा लांबत लांबत आज वाटल्या, पूर्णेत चाळीस पोरींची नावं लागली. सुकेशनीच्या फोनवर फोटो आला. तिनं वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. पंकजाचं नाव नाही.

छबूबाई दारातच उभी होती. आत ये म्हणलं तर आली नाही. "मावशी, तुमी म्हणला व्हता, निवांत जा."

सुकेशनीनं आबासाहेबांना फोन लावला. फोनमधून त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "यादीत वैजीनाथ हाय. गावातून चौकशी केली तर तो वारला म्हणून कळलं. वारलेल्याची ओळ आमी काढून टाकली. रीतच हाय."

"पण छबूबाई हायत की. त्यांची मुलगी हाय ती."

"छबूबाई? यादीत न्हाई कोणी छबूबाई."

छबूबाई माझ्यापुढं दोन हातांच्या अंतरावर उभी होती. हिरवं लुगडं. बारा हंगाम माझ्या भाकरी थापून झाल्या की उरलेल्या निखाऱ्यांवर तिनं वांगं भाजलं. आणि फोनमधला माणूस म्हणतोय, कोणी नाही.

ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं.

५ ऑक्टोबर

सकाळी सुकेशनी रडून मोकळी झाली, म्हणून आता लिहितेय.

आबासाहेबांनी फोनवर सांगितलं की तोंडी एकटीचं नाव घालता येत नाही. अशा अजून सहा बायका निघाल्या. कुणाचा नवरा वारलेला, कुणाचा सोडून गेलेला, सगळ्यांच्या ओळी गेल्या. एकीचं घातलं तर बाकीच्या भांडतील. आख्खी यादी बायकांसकट नीट करून आणा, पोरींतली कोणी गळाली तर पुढच्या नावाचा विचार करू.

मग जुनीच यादी उघडायची, बायकांची नावं आहेतच, असं मी म्हणलं. सुकेशनीनं मान हलवली. नागेशला फोन झाला. तो बिचारा पुण्यात कामावर होता. म्हणाला, खाना काढला तो मूळ फाईलमधूनच काढला होता, वेगळी नक्कल ठेवलीच नव्हती. आणि आता लॅपटॉप त्यानं कंपनीसाठी पुसून कोरा केलाय. फाईल पाठवतो म्हणाला, पण तिच्यातही माणसंच.

"कागद हायत ना, आज्जी? ज्याच्यावर मी घरोघर नावं उतरवून घेतली?"

मी चुलीकडं बघितलं. ती पण बघायला लागली.

ह्या सगळ्यात पोरीची चूक नाही हे मी पुढं कुणी वाचलं तर म्हणून सांगून ठेवते. तिनं मला तीनतीनदा विचारलं होतं, आज्जी, खरंच बायकांची काढू का? मीच हट्ट केला.

(मी एकदाच विचारलं होतं. आणि छबूमावशींची गोष्ट मलाही आठवायला हवी होती. त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं.)

काय लिहिलंस? म्हणाली, वेलांटी. लय वेलांट्या चुकायला लागल्यात हिच्या.

८ ऑक्टोबर

म्हणलं, रडायचं कशाला, मी आहे ना. आमच्या टोळीतल्या एकतीस बायका मला पाठ आहेत. कोण डाव्या हातानं मोळी बांधते, कोण चहात मीठ टाकते, कुणाला कोणत्या फडात लेकरू झालं, सगळं सांगते. तू लिही.

सुकेशनी पेन घेऊन बसली.

"पयली, पोखर्णीची."

"नाव काय?"

"पोखर्णीची. भारतची बायको."

"आज्जी, ते त्यांचं माहेर झालं. नाव सांग."

आठवलं नाही. म्हणलं, पुढं चल, येईल. दुसरी चुडाव्याची. तिसरी धाकटी चुडाव्याची. चौथी पंगरबावडीची, तिचा आवाज असा की बैल उभे राहायचे. पाचवीला आम्ही नुसतं "उंच" म्हणायचो. सुकेशनीनं पेन खाली ठेवलं नाही, पण लिहिलंही नाही.

एकतीसपैकी नऊ नावं निघाली. कुसुमबाई, सगुणाबाई, रुख्मिणी, छबू, अशी. त्यातली दोन पण नवरे रागावून हाका मारायचे म्हणून कानावर पडलेली.

पोखर्णीचीच्या बाळंतपणात मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. फडातच, पाचटावर. पहाटे पोरगा झाला. तिला म्हणलं होतं, जन्मभर विसरणार नाही गं तुला. विसरले नाही. नाव कधी विचारलंच नव्हतं.

दोन टोळ्या दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी निघून गेल्यात. पोखर्णीची त्यातच आहे. मुकादमाला फोन लावला तर तो म्हणतो, नावं? मला कोयते माहीत आहेत.

१३ ऑक्टोबर

चार दिवस सुकेशनी गावोगाव फिरायलीय. ज्या आहेत त्यांना दारात गाठते, ज्या गेल्यात त्यांच्या सासवांना विचारते. सासवांनाही येत नाहीत नावं. एकीनं सांगितलं, "आमची सून. लिव की, सून."

आज मी छबूबाईकडं गेले. पंकजा अंगणात बसून दप्तरातली पुस्तकं एकेक बाहेर काढत होती. कोरड्या कापडानं पुसत होती आणि परत आत ठेवत होती. मला बघून उठली, आत गेली.

मी छबूला म्हणलं, "पोरगीला माझ्याकडं ठेव. सुकेशनी अभ्यास घेईल. मरो ते वसतिगृह."

छबू दाण्यातले खडे वेचत होती. वेचायचं थांबली. मग म्हणाली, "मावशी, फडात मी तुमच्या ताटात जेवले. ते फडातलं. इथं माझी सासू हाय, भावकी हाय. तुमच्या घरात पोरगी ठेवली तर उद्या तिच्या लग्नाला..." परत खडे वेचायला लागली.

मला राग आला नाही असं नाही. पण रागवायची पाळी माझी नव्हती.

म्हणलं, "मग मी येते तुझ्या जोडीला. अर्धा तू, अर्धा मी. पंकजाला सासूपाशी ठेव."

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं असंल. "मावशी, तुमी मोळी उचलणार का मीच तुमाला मोळीत बांधून गाडीत चढवू?"

दोघी हसलो. हसून झाल्यावर ती म्हणाली, "सासूला डोळ्यानं दिसत न्हाई. तिला सांभाळायलाच धाकटी जाऊ घरी ठेवलीय. आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम यंदा घेईना. जोडी आण, म्हणतो."

घरी येताना राजेश्रीची आठवण झाली. माझी लेक, सुकेशनीची आत्या. आता हिंगोलीकडं दिलीय. बारा वर्षांची होती तेव्हा ह्यांचा पाय मोडला आणि जोडी अर्धी पडली. मी तिला घेऊन गेले. एकच हंगाम, असं तिला सांगितलं होतं, आणि मलाही तसंच वाटत होतं. ती त्या वर्षी शाळेत जायची राहिली, पुढच्या वर्षी लाज वाटते म्हणून राहिली. मी तिला ह्याच्याबद्दल कधी काही म्हणलं नाही, तिनंही मला काही म्हणलं नाही. त्यामुळं मला वाटायचं, तिच्या ध्यानात नसंल.

संध्याकाळी तिला फोन लावला. म्हणाली, आई, मी कामात हाय. रेंज पण नसती तिकडं नीट.

२६ ऑक्टोबर

भाऊबीज होऊन तीन दिवस झाले. आज सकाळी आमच्या गावची टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या. भांडी, पत्रे, कोंबड्या, म्हातारी शेळी, त्यावर माणसं.

मी रस्त्यावर गेले होते. पंकजा मागच्या ट्रॉलीत पत्र्यावर बसली होती. शाळेचाच निळा फ्रॉक, खाली चुलतभावाची पँट. फ्रॉक नवा होता आणि चांगला दिसत होता, म्हणून घातला असावा. छबूनं मला बघितलं, पदर सारखा केला, दुसरीकडं बघितलं. मग परत माझ्याकडं बघून म्हणाली, "सुकेशनीला सांगा, फिरू नको म्हणावं उन्हात. झालं ते झालं."

तिनं माझी समजूत काढली. मी काढायला गेले होते.

ट्रॉली हलली तेव्हा पंकजा हात हलवेल असं वाटलं. ती मागं पडणारे खांब मोजत होती. ओठ हलत होते.

९ नोव्हेंबर

झालं. एकशे चौदा कोयते, दोनशे अठ्ठावीस ओळी, त्यात दोनशे सव्वीस नावं. वारलेल्या आणि निघून गेलेल्यांपुढं तसं लिहिलंय. दोन बायकांची नावं काही केल्या मिळाली नाहीत. तिथं सुकेशनीनं "नाव बाकी" असं लिहून ठेवलंय. एक त्यातली पोखर्णीची.

ह्या वेळी सुकेशनी घाईनं काही काढायला गेली नाही. आधी नक्कल ठेवली, मग नकलेवर काम. फोटोंचा खाना केलाच नाही, वयाचा उद्धट खानाही नाही. प्रत्येकाला एक ओळ, एक नाव, आणि शेवटी कोयत्याचा नंबर. पूर्णेत आबासाहेबांच्या त्या टॉवेलवाल्या कॉम्प्युटरवर पहिल्या झटक्यात उघडली. सुकेशनी म्हणाली, बघ आज्जी, एवढंच करायचं होतं. दोन दिवसांचं काम.

मी चपला शोधायला लागले. मग तिला वाईट वाटलं की आपण बोललो. मग ती म्हणाली, जिलेबी खायची का? म्हणलं, नको, दाढ दुखते. दाढ मला नाहीच.

तिनं यादी वाचून दाखवली, माझ्या सांगण्यावरून. छबूबाई वैजीनाथ. तिची तिची ओळ. पुढं लिहिलंय, मुलगी पंकजा, आठवी.

१४ नोव्हेंबर

दुपारी आबासाहेबांचा फोन आला. एका पोरीला तिचे आईबाप येऊन घेऊन गेले, तिच्याशिवाय त्यांना करमेना. एक जागा मोकळी झाली. नव्या यादीत पुढचं नाव पंकजाचं आहे. आठ दिवसांत आणून सोडा.

सुकेशनी उड्या मारायला लागली. मी म्हणलं, आधी फोन लाव. फड सांगलीच्या पलीकडं कुठंतरी. चार वेळा लागला नाही. पाचव्यांदा छबू फोनवर आली. मागं कोयत्यांचा आवाज येत होता, खच खच, आणि कुणीतरी खोकत होतं.

सुकेशनीनं सगळं एका दमात सांगितलं. तिकडून नुसता खच खच आवाज.

मग छबू म्हणाली, "मावशी हायत का जवळ?" मी फोन घेतला. "मावशी, आता कशी पाठवू वो? जोडी म्हणून लावलंय आमाला. ती गेली तर मुकादम मला बी ठेवत न्हाई, आन मधेच सुटून जायाचं म्हणलं तर जाऊ देत न्हाई. दीडशे कोस लांब हाय मी. कोण आणून सोडंल तिला?"

म्हणलं, "सुकेशनी येती न्यायला. मी येते."

"आन माझ्या संगं मोळी कोण बांधंल?"

ह्याच्यावर एक उत्तर होतं, ते मी ऑक्टोबरात देऊन बसले होते आणि ती त्यावर हसली होती.

"पुढल्या वर्षी," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी नाव हायच ना आता यादीत? माझं येगळं लिवलंय म्हणता ना?"

"लिवलंय."

"मग झालं की."

मला ठाऊक आहे पुढलं वर्ष कसं असतं.

तेवढ्यात तिच्या हातातून फोन पंकजानं घेतला. आवाज बसलेला होता, धुराचा असतो तसा. पण लगबगीनं बोलत होती. "आज्जी! आज्जी, ऐकायल्यात का? मला मोळी बांधता यायली. पयल्या दिवशी सुटायच्या, आता एक बी सुटत न्हाई. आज मी एकटीनं चाळीस बांधल्या. आई म्हणती, इतक्या लवकर कुणाला येत न्हाई."

तिला सांगायचं होतं. तिनं कुणालातरी सांगायचं म्हणून आईच्या हातातला फोन ओढून घेतला होता. तिथं फळा नाही, सर नाहीत, आणि जे आलं ते आलं म्हणून तिला आनंद झाला होता.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "शाब्बास, माझी बाई."

फोन कट झाला.

सुकेशनी माझ्याकडं बघत होती. आता लिहिता लिहिता थांबलीय. विचारते, "आज्जी, ते शाब्बास खोडू का?"

म्हणलं, राहू दे. लिहिलंस तसंच राहू दे.